आठव्या उपवासाचं पाणी

आधीच सांगून टाकतो, मला कुणी समजून घ्यावं म्हणून मी हे सांगत न्हाय. समजून घेणारी माणसं लई भेटली. "सुभेदार, तुम्ही चांगल्यासाठीच केलासा की," म्हणतात आणि खांद्यावर हात ठेवतात. तो हात झटकून टाकावा वाटतोय मला. चांगल्यासाठी म्हणे! कुणाच्या चांगल्यासाठी, ते विचारा की आधी.

मी भरमू, खानापूर तालुक्यातल्या गुंजीचा. सव्वीस वर्सं फौजेत काढली, त्यातली अकरा शिडाच्या बोटींवर. गुंजीत पावसाळ्यात ओढ्याला येईल तेवढंच पाणी बघितलेला गडी मी, समुद्रावर शर्यती मारायला लागलो. सुभेदार होऊन परत आलो आणि बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात गेटवर सुपरवायझर म्हणून लागलो. बायको गेली त्याला सहा वर्सं झाली, पोरंबाळं न्हाईत. रविवारी घरात बसलं की भिंती खायला उठतात. म्हणून हिडकल धरणाच्या फुगवट्यावर, दड्डीच्या अंगाला, काही हौशी लोकांनी शिडाचे बोर्ड आणून ठेवलेले, तिथं शिकवायला जाऊ लागलो. मोटरसायकलनं दीड तास लागतोय. जाऊ दे, घरी तरी काय सोनं पिकत होतं?

तिथंच त्रिशला आली. निपाणीची, जैनाघरची. बाप शांतिनाथ तंबाखूचा व्यापारी, बोलायला एकदम कमी. आई अनुराधाक्का मात्र दोघांचं मिळून बोलायची. पोरगी इंजिनेर झालेली, बावीस वर्सांची, अंगानं काडी. वारा जरा जोरात आला तर हिला धरून ठेवाय लागंल असं मला पहिल्या दिवशी वाटलतं. पण जिद्द अशी की पडली तर हसायची न्हाय, रडायची न्हाय, परत चढायची. तिची आई तेवढी काठावरनं ओरडायची, "अगं, तोंड मीट! अगाळ पाणी पोटात जातंय!" त्यांच्यात पाणी गाळल्याबिगर पीत न्हाईत. धरणाचं एवढं पाणी कोण गाळून देणार, तुम्हीच सांगा.

अनुराधाक्काला भाऊ न्हाय. दुसऱ्या वर्सी तिनं मला राखी बांधली, तवापासनं मी तिचा अण्णा आणि पोरीचा मामा. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी घरी येऊन मी आरशात ती राखी चारदा बघितली.

आता हा खेळ काय हाय ते थोडक्यात सांगतो, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाय. बोर्डवर उभं राहायचं, हातात शिडाचा दांडा, त्याला बूम म्हणतात, आणि कंबरेला त्या दांड्याला अडकवायचा पट्टा, तो हार्नेस. बोर्डाच्या खाली पुरुषभर न्हाय पण कंबरेएवढा खांब पाण्यात गेलेला असतोय आणि त्याच्या टोकाला विमानासारखे पंख. त्यालाच फॉइल म्हणतात. वेग आला की ते पंख बोर्डाला पाण्यातनं वर उचलतात. मग बोर्ड पाण्याला लागतच न्हाय, हातभर वरनं जातोय, आवाज न करता. बघणाऱ्याला वाटतंय, बाई हवेत चालली.

वाऱ्याबरोबर जायला काय अक्कल लागत न्हाय. पाचट पण जातंय वाऱ्याबरोबर. खरी परीक्षा वाऱ्याच्या तोंडाकडं जाण्यात, वाऱ्यावर चढण्यात. पावसाळ्यात आमच्याकडं वारा पश्चिमेचा. दड्डीकडनं सुटलं की वारा तुम्हाला सरळ पूर्वेला, धरणाच्या भिंतीकडं न्हेतोय. येताना त्याच वाऱ्याच्या छातीवर यायचं. सरळ येता येत न्हाय. नागमोडी, एकदा हिकडं तिरकं, एकदा तिकडं तिरकं, असं घर गाठायचं.

त्रिशलाला तेवढंच जमत न्हव्हतं. जाताना सगळ्यांच्या पुढं, येताना सगळ्यांच्या मागं. किती रविवारी मी मोटरबोट घेऊन धरणाच्या बाजूला गेलो आणि तिला शिडासकट ओढून आणली, मोजलं न्हाय. मासे धरणारी पोरं काठावरनं बघत बसायची. ती बोटीत मान खाली घालून बसायची.

चूक माझ्या डोळ्याला स्पष्ट दिसत होती. तिला घर दिसलं की घाई व्हायची. नाक घराकडं वळवायची. वाऱ्याच्या फार जवळ गेलं की शिडात जोर राहत न्हाय, वेग मरतोय, पंख बोर्डाला सोडून देतात आणि बोर्ड धप्पकन पाण्यावर बसतोय. एकदा बसला की वर यायला परत वाऱ्याबरोबर पळायचं, म्हंजे कमावलं तेवढं गमवायचं.

"उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!" मी ओरडायचो. "आधी घराकडं पाठ कर थोडी. वेग घे. वेग आला की हार्नेसवर बस, बूम अंगाकडं ओढ, शीड मागं घे आणि वाऱ्याच्या बाजूला डोक्यावर ओढून घे. बोर्डाची वाऱ्याकडची कड जराशी खाली दाब, मग पंखच तुला वर ओढतोय. आणि मग एक बोट वळव. एकच बोट! मूठभर न्हाय."

"मामा, मला वाटतंय मी लांब चाललोय."

"वाटू दे. वाटण्यावर शीड चालत न्हाय."

मागच्या वर्सी राष्ट्रीय संघाच्या शिबिरासाठीच्या निवड चाचणीत ती पाचजणींत चौथी आली. वाऱ्याबरोबरच्या टप्प्यात पहिली, वाऱ्यावर चढायच्या टप्प्यात बसली तीनदा पाण्यावर. घेणार होते दोघींना. त्या दिवशी गाडीत ती म्हणाली, "मामा, हे माझ्या अंगातच न्हाय बहुतेक." मला लई लागलं. कारण माझ्या अंगात पण न्हव्हतं. अकरा वर्सं बोटीवर काढून मी कधी राष्ट्रीय संघात गेलो न्हाय, एकदा राखीव म्हणून नाव होतं, तेवढंच. हे मी त्या पोरीला कधी सांगितलं न्हाय.

यंदा श्रावणात निपाणीत महाराजांचा चातुर्मास होता. एका प्रवचनात महाराजांनी विचारलं, दशलक्षण पर्वाचे दहा उपवास कोण कोण करणार? सात-आठ बाया उभ्या राहिल्या आणि त्यांच्यात ही. आईला आधी विचारलंसुद्धा न्हाय. उभी राहिली, हात जोडले, नियम घेतला. दहा दिवस अन्न न्हाय. पाणी दिवसातनं एकदाच, उकळून गाळलेलं, तेही उजेड असताना.

मी ऐकल्यावर म्हणालो, "कशाला गं? जेवून काय पाप लागतंय?"

ती शांतपणे म्हणाली, "मामा, आजपर्यंत मी अर्धवटच केलंय सगळं. एक तरी गोष्ट शेवटापर्यंत करून बघायची हाय मला. हे जमलं तर वाऱ्यावर चढणं पण जमंल."

आणि त्यानंतर चार दिवसांनी चाचणीची तारीख जाहीर झाली. यंदा चाचणी आमच्याच पाण्यावर होती. दिवस कुठला, तर तिचा आठवा उपवास.

भांडलो. खोटं बोलत न्हाय, निपाणीला त्यांच्या सोप्यात बसून तासभर भांडलो. म्हणालो, पुढच्या वर्सी कर की उपवास, महाराज काय पळून चाललेत का? अनुराधाक्का म्हणाली, "अण्णा, नियम घेतलाय. घेतलेला मोडायचा नसतोय, न घेतलेला चालतोय." त्रिशलाला म्हणालो, मग चाचणी सोड. ती म्हणाली, "दोन्ही करणार."

"सात दिवस उपाशी माणूस शीड धरतोय व्हय? पाण्यात चक्कर येऊन पडलीस म्हंजे?"

"तुम्ही बोटीत असणार की मामा, मागं."

मी मोटरसायकलला किक मारली आणि घरी आलो.

उपवास सुरू झाले. तिसऱ्या दिवशी फोन केला, आवाज बरा होता. पाचव्या दिवशी आवाज बारीक झालेला. सातव्या दिवशी शनिवार, मी कारखान्याच्या गेटवर होतो, गाड्यांचे नंबर लिहीत होतो, आणि डोक्यात सारखं एकच. ही उद्या पडणार. पडली न्हाय तरी चढायची न्हाय. परत चौथी येणार आणि परत म्हणणार, माझ्या अंगातच न्हाय.

रविवारी पहाटे निघालो. वाटेत औषधाच्या दुकानात थांबलो आणि ग्लुकोजची पुडी घेतली. लोकास्नी मी सांगतो की भीतीनं घेतली, पोरीला पाण्यात कमीजास्त होईल म्हणून. अर्धं खरं हाय ते. उरलेलं अर्धं असं, की मला ती निवडून यायला पाहिजे होती. मला पाहिजे होती. चाळीस किलोमीटर पुढं जाईपर्यंत ती पुडी शर्टाच्या खिशात छातीला लागून होती आणि एकदा पण मी गाडी थांबवून ती फेकून दिली न्हाय.

दड्डीच्या काठावर आभाळ खाली उतरलेलं. पाण्याचा रंग शिशासारखा, वारा पश्चिमेचा, बरा जोरात. बेंगळूरहून आलेले पंच कन्नडमध्ये काय काय बोलत बुयांच्या खुणा तपासत होते. खुणा म्हंजे पाण्यावर सोडलेले केशरी फुगे, त्यास्नी वळसा घालून शर्यत. वरचा फुगा बघितला. वाऱ्याच्या तोंडावर, लई लांब टाकलेला.

त्रिशला गाडीतनं उतरली. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले, पण चालणं सरळ. मला बघून हसली. आठ दिवसांत तिचं नाक मोठं झाल्यासारखं दिसत होतं.

अकरा वाजता तिचं पाणी प्यायचं. अनुराधाक्कानं घरनं उकळून, गाळून स्टीलच्या तांब्यात आणलेलं, वर पांढरं फडकं बांधलेलं. कुणाला हात लावू देत न्हव्हती तांब्याला. मग म्हणाली, "अण्णा, एवढं धरा. गाडीतनं चटई आणतो, बसून प्यायला पाहिजे." आणि तांब्या माझ्या हातात दिला. दुसऱ्या कुणाच्या दिला नसता.

मी गाडीच्या आडाला गेलो. फडकं सोडलं, पुडी फाडली, दोन चमचे होईल एवढं आत टाकलं, तांब्या हलवला, फडकं बांधलं. हात अजिबात थरथरला न्हाय. फौजेत बंदूक साफ करावी तसं केलं. आज आठवलं की त्याचीच जास्त किळस येतेय.

ती चटईवर बसली, डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणाली, आणि पाणी प्यायली. अर्धा तांब्या झाल्यावर थांबली.

"आई, आज पाणी गोड लागायलंय."

मी पुडीचा फाटका कागद खिशात खाली दाबला.

अनुराधाक्काचे डोळे भरून आले. "आठव्या दिवशी लागतंयच गं. मला पण लागलतं. तप फळाला आल्याची खूण हाय ती."

त्रिशलानं उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि तांब्याच्या पाया पडली. मी तिथंच उभा होतो. अजून वेळ होती. ओरडून सांगता आलं असतं. मी तिचा हार्नेस उचलला आणि पट्टे तपासायला लागलो.

शर्यत सुटली. पाचजणी. मी मोटरबोट घेऊन बाजूला. पहिला टप्पाच वरचा, वाऱ्याच्या तोंडावर. बाकीच्या चौघींनी सुटल्या सुटल्या नाकं फुग्याकडं वळवली. त्रिशला न्हाय वळली. ती वाऱ्याबरोबर तिरकी सुटली, फुग्याकडं जवळजवळ पाठ करून. पंच एकमेकांत म्हणाले, "इवळु यल्लिगे होगताळे?" ही कुठं चालली? मला माहीत होतं कुठं चालली. मी बोट तिच्या मागं वळवली.

बोर्ड वर आला. हातभर. ती हार्नेसवर बसली, कंबर बाहेर, शीड मागं आणि डोक्यावर ओढलेलं, पुढचा पाय दाबून धरलेला. एवढी हलकी पोरगी, झोत आला की पंख तिला अजून वर फेकायला बघायचे. तर ती झोत आला की शीड सोडायची न्हाय. एक बोट वर वळायची, झोत खाऊन टाकायची. झोत पडला की एक बोट खाली, वेग सांभाळायची. एक बोट वर, एक बोट खाली. नजर बोर्डावर न्हाय, लांब पश्चिमेच्या काठावर. तीन वर्सं मी घसा फोडून जे सांगत होतो ते सगळं, एकेक, जसंच्या तसं. आणि वर माझं नसलेलं पण काहीतरी होतं, ते मला पण कधी जमलं नसतं.

दुसऱ्या बाजूला वळली, बोर्ड पाण्याला लागला पण बसला न्हाय, परत वर. दोन पोरी मागं पाण्यावर बसून शीड हलवत होत्या. त्रिशलानं वरच्या फुग्याला वळसा घातला तवा ती दुसरी होती आणि पहिलीपासनं दहा हात मागं.

बोटीत मी एकटा होतो. मी रडलो. आनंदानं रडलो का कशानं, ते विचारू नका.

दोघींना घेणार होते, तिला घेतलं. यादीवर नाव लिहिताना पंचांनी तिला कन्नडमध्ये विचारलं, काय खातेस गं एवढं चढायला? ती कन्नडमध्येच म्हणाली, आठ दिवस काय खाल्लं न्हाय साहेब. ते हसले, त्यास्नी चेष्टा वाटली. शिबिराला मंगळवारी, परवा न्हाय, तर पुढच्या आठवड्याच्या मंगळवारी, सकाळी आठला हजर व्हायचं होतं. शिबिराला न आलेल्याच्या जागी राखीव जाणार, असं कागदावर लिहिलेलं.

गाडीत बसताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "मामा, माझ्या अंगात होतं."

"होतंच की," मी म्हणालो.

पुढचे दिवस कसे गेले सांगत न्हाय. चोराच्या मनात चांदणं, तसलं. फोन वाजला की आधी निपाणीचा नंबर हाय का बघायचो. नववा झाला, दहावा झाला. बाकीच्या बायांचं पारणं, म्हंजे उपवास सोडणं, दुसऱ्या दिवशी सकाळीच झालं, आणि त्रिशला मात्र हट्ट धरून अकरावा, बारावा असं करत पुढं गेली. "आई, जमतंय गं," म्हणायची. शेवटी डॉक्टरनं डोळे वटारले तवा पारणं शनिवारी ठरलं. तेरा उपवास. शिबिराला तीन दिवस उरलेले.

शुक्रवारी अनुराधाक्काचा फोन. "अण्णा, लवकर या उद्या. पारण्याचा पहिला चमचा मामाच्या हातनं द्यायचा म्हणतेय ती. सख्खा मामा असता तर त्यानं दिला असता."

"मी जैन न्हाय, आक्का," मी म्हणालो.

"मामा तर हायसा की."

शनिवारी सकाळी निपाणीला गेलो. मंगल कार्यालयात दोनशे माणसं. बायांच्या जरीच्या साड्या, दारात रांगोळी, 'तपस्वी त्रिशला' असा फलक आणि त्यावर तिचा बोर्डवरचा फोटो. पाटावर ती बसलेली, पांढऱ्या साडीत, मनगटं अशी की एका बांगडीत तीन मावतील. पण तोंडावर असं काय तेज होतं, की बघणारा हात जोडायचा. माणसं येऊन तिच्या पाया पडत होती. तिच्यापेक्षा चाळीस वर्सांनी मोठी माणसं.

चांदीच्या वाटीत मुगाचं कढण होतं. अनुराधाक्कानं वाटी आणि चमचा माझ्या हातात दिला. त्रिशलानं तोंड उघडलं. लहान पोर उघडतंय तसं.

चमचा भरला. वर न्हेला. आणि हात पुढं जाईना. सोडायला उपास हाय कुठं हिचा? मीच तर मोडलाय तो. गप्प बसून घास दिला असता तर कुणाला कधी कळलं नसतं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. त्या उघड्या तोंडाकडं बघून ते मला झालं न्हाय.

मी चमचा वाटीत ठेवला. "त्रिशा," म्हणालो, "आठव्या दिवशी तुझ्या पाण्यात मी ग्लुकोज घातलतं."

तिनं तोंड मिटलं. अनुराधाक्का शेजारीच होती, तिनं ऐकलं. तिच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच राहिलं.

"किती?" त्रिशलानं विचारलं.

"दोन चमचे."

"आईला ठाऊक होतं?"

"न्हाय गं. तिनं विश्वासानं धरायला दिलतं."

मला वाटलं रडेल, मारेल, ओरडेल. मारायला पाहिजे होतं. ती भिंतीला धरून उठली आणि सगळ्यांकडं वळून हात जोडले.

"माझा आठवा उपवास झालेला न्हाय," ती म्हणाली. आवाज बारीक, पण मागपर्यंत गेला. "पाण्यातनं पोटात काहीतरी गेलंय. त्याच्या पुढचे पाच झालेत. नियम सलग दहाचा होता, त्याला पाच कमी हाईत. ते आजपासनं करतो. तुम्ही सगळे जेवून जावा."

कार्यालयात कुजबूज उठली. डॉक्टर पुढं आले, म्हणाले पोरी, जिवाशी खेळू नको. समाजातले म्हातारे चौगुले आप्पा काठी टेकत आले. "बाळ, अजाणता घडलंय. तुला दोष न्हाय. महाराजांकडं जाऊ, ते प्रायश्चित्त सांगतील. आता घास घे."

"दोष न्हाय ते मला कळतंय आप्पा," ती म्हणाली. "पण उपवास पण न्हाय."

शांतिनाथ एवढ्या वर्सांत माझ्यासमोर दहा वाक्यं बोलले नसतील. ते म्हणाले, "मंगळवारचं शिबिर?"

"कळवा त्यास्नी, मी येत न्हाय म्हणून. राखीव पोरगी हाय, ती जाईल."

"त्रिशा, शिबिर सोडू नको गं," मी म्हणालो. मला स्वतःचा आवाज भिकाऱ्यासारखा वाटला. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय.

शेवटी आप्पा आणि डॉक्टरांनी मिळून एवढंच कबूल करून घेतलं, की पाच न्हाय, एकच करायचा, आठव्याच्या बदली एक, आणि उद्या डॉक्टरांसमोर पारणं. त्याला ती मान हलवून व्हय म्हणाली. पण शिबिराच्या बाबतीत कुणाचं ऐकलं न्हाय.

मी चप्पल घालायला दाराकडं निघालो. अनुराधाक्का मागनं आली. शिव्या देईल वाटलं. तिचे डोळे लाल झालेले, पण ती म्हणाली, "अण्णा, जेवून जावा. दोनशे माणसांचं शिजलंय. अन्न टाकायचं नसतंय."

"आक्का, घास उतरायचा न्हाय मला."

"उतरत न्हाय म्हणून टाकायचं व्हय? बसा."

बसलो. पंगतीत माझ्या दोन्ही अंगाला जागा मोकळी राहिली. अनुराधाक्कानं स्वतः वाढलं. भात, आमटी, भरलं दोडकं, शिरा, त्यावर तूप. एक पदार्थ कमी वाढला न्हाय. त्यांच्यात ताटात उष्टं ठेवत न्हाईत, ताट धुऊन पाणी पितात. मी खाली मान घालून खायला लागलो.

अर्धं जेवण झालं तवा समोर कुणीतरी येऊन बसलं. त्रिशला. पाठ खांबाला टेकलेली, हात मांडीवर. आता अन्नाचा वास तिच्या नाकात जात असणार, असं माझ्या मनात आलं आणि घास तोंडातच फिरायला लागला.

"मामा, एक सांगा," ती म्हणाली. राग न्हव्हता आवाजात. राग असता तर बरं झालं असतं. "त्या दिवशी वर कोण चढलं? मी का ती पावडर?"

"तूच गं," मी म्हणालो. ताटावरनं उठून ओरडून सांगावं वाटत होतं. "दोन चमच्यांत काय असतंय? पावडर शीड धरत न्हाय, पावडर झोत ओळखत न्हाय. ते एक बोट वर, एक बोट खाली, ते सगळं तुझं होतं. देवाशपथ. मी डोळ्यानं बघितलंय. तुझ्या अंगात हाय ते."

ती ऐकत होती. पूर्ण ऐकून घेतलं तिनं.

"हे सांगू शकणारा माणूस तुम्ही एकटाच हाईसा," ती म्हणाली. "वाऱ्याचं मला दुसऱ्या कुणी शिकवलेलंच न्हाय. आणि तुमचं मला आता खरं वाटत न्हाय."

मग ती खांबाला धरून उठली आणि आत गेली. अनुराधाक्का शिऱ्याचं भांडं घेऊन आली, माझ्या ताटात अजून एक चमचा वाढला आणि पुढच्या माणसाकडं गेली. मी तो खाल्ला. सगळं ताट संपवलं.